मलमाआड दडलेला आजार

त्वचारोगाच्या निदानात डॉक्टरांचे पहिले आणि पुष्कळदा पुरेसे ठरणारे साधन म्हणजे त्यांची नजर. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात रक्ततपासणी आणि यंत्रांचे अहवाल पुढे येतात; त्वचेच्या विकारात मात्र चट्ट्याचा आकार, त्याची कड, रंग, त्यावर सुटणारा कोंडा, तो शरीराच्या कोणत्या भागावर उठला आहे आणि कोणता भाग मोकळा राहिला आहे, एवढ्यावरून जाणकार तज्ज्ञ बरेच काही ओळखतो. त्यामुळे या तपासणीची पूर्वतयारीही वेगळी असते. उपाशीपोटी जाण्याची सहसा गरज नसते. परंतु त्वचा तिच्या मूळ रूपात दाखवता आली नाही आणि तिच्यावर आजवर काय काय लावले याचा खरा हिशेब देता आला नाही, तर चांगल्या तज्ज्ञाचीही नजर फसू शकते.

ठाणे जिल्ह्यात हा विषय निघाला की ठाणे शहरातील टेंभी नाक्याचे नाव येतेच, कारण विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे ठाणेकरांचे ‘सिव्हिल’, याच परिसरातले. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचे रुग्णही अनेक वर्षे याच पत्त्यावर येत राहिले. मात्र नव्या, मोठ्या इमारतीच्या बांधकामासाठी येथील रुग्णसेवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात तात्पुरती हलवण्यात आली, तेव्हा घरातून निघण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभाग सध्या कोठे चालतो आणि त्वचारोगाचा वार कोणता, हे विचारून घेणे ही तयारीची पहिली पायरी ठरते. जुन्या सवयीने नाक्यावर उतरून परत फिरण्यात लांबून आलेल्या माणसाची एक मजुरी बुडते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत, हेही अनेकांना ठाऊक नसते. ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्यामुळे तेथेही त्वचारोग विभाग आहे. कोठेही गेले तरी तज्ज्ञासमोर बसायला मिळणारा वेळ थोडा असतो, आणि तो वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण रुग्णाच्या पिशवीत किंवा घरच्या फडताळात पडून असते. ते म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली मलमाची नळी.

दमट हवा, लोकलमधला घाम, पावसाळ्यात न वाळलेले आतले कपडे आणि दिवसभर अंगावर राहणारी घट्ट जीन्स यांमुळे जांघ, काख, कंबर, स्तनांखालची घडी आणि परकराच्या नाडीखालची जागा येथे गजकर्ण उठायला फार वेळ लागत नाही. गजकर्ण किंवा नायटा म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशीचा संसर्ग. खाज असह्य झाली की माणूस जवळच्या दुकानात जातो, जागा न दाखवता लाजत लाजत ‘खाजेचे मलम’ मागतो, आणि त्याच्या हाती बहुधा तीन औषधांचे मिश्रण पडते, ज्यात बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांच्या जोडीला क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड त्वचेची दाहप्रतिक्रिया दाबून टाकते, म्हणून दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि मलम गुणकारी असल्याची खात्री पटते. परंतु ज्या प्रतिक्रियेने शरीर बुरशीला अडवत होते तीच दबल्यामुळे बुरशी आत निर्धास्त पसरत राहते आणि मलम थांबवताच पूर्वीपेक्षा मोठ्या क्षेत्रावर उसळून वर येते. मग दुसरी नळी येते, तीच नळी घरातल्या इतरांनाही दिली जाते, आणि काही महिन्यांनी तज्ज्ञासमोर येतो तो कोंडा नसलेला, कड पुसलेला आणि मधेच पुटकुळ्या उठलेला चट्टा, ज्याला गजकर्ण म्हणणे कठीण होऊन बसते. अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन १९६८ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी केले तेव्हा तो अपवादात्मक प्रकार होता. भारतात तो आता त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागातले रोजचे दृश्य झाला आहे.

यात आणखी एक अडचण निर्माण झाली आहे. जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीचे वर्णन २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनिआय या नावाने केले. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला ती अनेकदा दाद देत नाही, कारण ते औषध ज्या विकरावर घाव घालते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. पूर्वी काही आठवड्यांत आटोक्यात येणारा आजार आता महिनोन्‌महिने रेंगाळण्यामागे हे एक कारण आहे, आणि स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या बेसुमार वापराने अशा संसर्गाला रान मोकळे मिळाले, असे त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये बाहेरून लावायच्या चौदा स्टेरॉइडांना असलेली सूट काढून ती चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले, आणि भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी खास कृतिदल स्थापन करून जागृतीही केली. नियम चांगला आहे, पण दुकानाच्या फळीवर त्याची अंमलबजावणी ढिली आहे, आणि तिची किंमत रुग्ण स्वतःच्या कातडीने मोजतो.

चेहऱ्याची गोष्ट याहून दुःखद आहे. वांग, म्हणजे गालांवर आणि कपाळावर पसरणारे तपकिरी डाग, यांवर १९७५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड यांचे एक मिश्रण सुचवले होते, जे देखरेखीखाली आणि थोड्या काळासाठी वापरायचे होते. त्याच धर्तीची मिश्रणे भारतात गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो, नंतर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात, लव वाढते, आणि क्रीम एक दिवस चुकली तरी चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून ती सोडवतही नाही.

तज्ज्ञाकडे जाताना करायच्या तयारीचा गाभा यातूनच ठरतो. आजवर लावलेली प्रत्येक नळी, मग ती रिकामी, पिळलेली, नाव पुसलेली असली तरी, पिशवीत घालून न्यावी. नळी टाकून दिली असेल तर खोक्याचा फोटो किंवा दुकानाचे बिल न्यावे. ‘पांढरी ट्यूब होती, हिरवे झाकण होते’ एवढ्या वर्णनावर कोणताही डॉक्टर औषध ओळखू शकत नाही, आणि स्टेरॉइड वापरले होते की नाही या एका उत्तरावर पुढचा सारा उपचार बदलतो. शेजाऱ्याने दिलेले, गावच्या वैद्याने दिलेले, पार्लरमध्ये लावलेले, मोबाइलवर मागवलेले असे काहीही लपवू नये. अनेक रुग्ण डॉक्टर रागावतील या भीतीने गप्प राहतात. पण न सांगितलेल्या औषधामुळे चुकलेला उपचार हा रागावण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

तपासणीपूर्वी मलम थांबवावे की नाही, हा प्रश्न सरसकट उत्तर देण्यासारखा नाही. गजकर्णासाठी स्वतःहून आणलेले मलम काही दिवस आधी बंद केले, तर चट्टा त्याच्या खऱ्या रूपात दिसू लागतो आणि बुरशीची तपासणीही विश्वासार्ह होते. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलेली क्रीम मात्र एकदम सोडल्यास त्रास उसळू शकतो, म्हणून ती कशी कमी करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. फक्त तपासणीच्या दिवशी ती लावू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेली पोटात घ्यायची औषधे, विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधे, मधुमेहाची किंवा फेफऱ्याची औषधे, स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. त्यांची यादी मात्र सोबत असावी, कारण अंगावरची पुरळ ही कित्येकदा नुकत्याच सुरू केलेल्या गोळीची प्रतिक्रिया असते आणि गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली यावरूनच ती ओळखता येते. अॅलर्जीची सुई टोचून करायची चाचणी ठरली असेल तर खाजेच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या, हे चाचणीची वेळ घेतानाच विचारावे, नाही तर गोळीच्या परिणामामुळे चाचणी खोटी निघते.

बुरशीची तपासणी कशी होते हे एकदा समजले की तयारीचे कारण पटते. तंत्रज्ञ चट्ट्याच्या मधल्या भागाला हात लावत नाही. बुरशी बाहेरच्या दिशेने सरकत असल्यामुळे जिवंत धागे कडेला सापडतात, म्हणून बोथट पात्याने कडेवरचा भुसा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतला जातो, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून काही मिनिटे थांबतात, तेवढ्यात त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले बारीक तंतू उठून दिसतात. ना सुई, ना रक्त. पण त्याच सकाळी त्या जागी मलम, खोबरेल किंवा पावडर चोपडलेली असेल तर भुसा नीट निघत नाही, आणि आधीच्या आठवड्यांत बुरशीनाशक लावले असेल तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

म्हणून जाण्याच्या दिवशी साधी आंघोळ करावी आणि त्यानंतर अंगाला काही लावू नये. नखांचा आजार दाखवायचा असेल तर नेलपॉलिश काढून टाकावे, हातांवर किंवा पायांवर मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत थांबणे शक्य असल्यास थांबावे, कारण नखाचा रंग आणि त्यावरची रेघ यांतच निदान असते. केस गळण्याची तक्रार असेल तर तेल न लावता आणि लगेच न धुता जावे. डॉक्टर केसांचा झुपका बोटांत धरून हलकेच ओढून किती केस हाती येतात ते पाहतात, आणि सकाळीच डोके धुतलेले असेल तर सुटे केस आधीच न्हाणीत वाहून गेलेले असतात. कोड किंवा शिबे यांसारखे फिकट डाग कधी कधी अंधाऱ्या खोलीत जंबुपार प्रकाशाच्या दिव्याखाली पाहिले जातात, आणि त्या प्रकाशात पावडर व काही क्रीमही चमकतात. कपडे सैल आणि सहज काढता येतील असे असावेत.

काही आजार दवाखान्यात पोहोचेपर्यंत दिसेनासे होतात. अंगावर पित्त उठते तेव्हा गांधी तास-दोन तासांत विरतात आणि डॉक्टरांसमोर कातडी स्वच्छ असते. अशा वेळी दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो उपयोगी पडतात; एक जवळून, एक लांबून, म्हणजे जागाही कळते. याहून सोपी युक्ती अशी की एखाद्या गांधीभोवती बॉलपेनने गोल काढून वेळ लिहून ठेवावी. चोवीस तासांच्या आत ती जागा पूर्ववत झाली तर ते साधे पित्त असण्याची शक्यता अधिक, आणि गांध त्याच वर्तुळात दुसऱ्या दिवशीही टिकून राहिली, दुखू लागली किंवा जाताना काळसर डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार करून कातडीचा तुकडा तपासावा लागू शकतो. पेनच्या एका रेघेने निदानाची दिशा अशी ठरते.

तक्रारीची हकिगत सांगताना ती कोठून सुरू झाली, कशी पसरली, रात्री वाढते का, घरात आणखी कोणाला आहे का, हे आधीच आठवून ठेवावे. रात्री वाढणारी आणि घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असलेली खाज ही खरजेची खूण आहे. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते आणि घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावल्याशिवाय ती जात नाही, म्हणून अशा वेळी कुटुंबाची माहिती नेणे हाच अर्धा उपचार होय. कामाचे स्वरूपही सांगितले पाहिजे. गवंड्याच्या हातांवरचे इसब ओल्या सिमेंटमधील क्रोमियमच्या संयुगांमुळे असू शकते, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायने किंवा रंग हाताळणाऱ्याचे त्या पदार्थांमुळे. गणपतीला पंधरा दिवस गावी गेल्यावर हात बरे झाले आणि परत कामावर येताच पुन्हा फुटले, ही एक ओळ डॉक्टरांना कारणापर्यंत नेऊ शकते.

कामाप्रमाणे सणवारही कारण ठरू शकतात. टेंभी नाक्यावरचा नवरात्रोत्सव शिवसेना नेते आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केला आणि आज त्या दिवसांत परिसरातील वाहतूक वळवावी लागते इतकी गर्दी येथे होते. त्वचेच्या दृष्टीने हा काळ टिकल्या, खोटे दागिने, रंगभूषा आणि घाम यांचा. खोट्या दागिन्यांतील निकेल घामात विरघळून कातडीत शिरते आणि कानाच्या पाळीवर, मानेभोवती किंवा मनगटावर खाजरे इसब उठवते. टिकलीच्या गोंदातील एका रसायनाने कपाळावर नेमक्या टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत आणि केसांच्या कलपात असणाऱ्या पॅराफिनायलिनडायअमिन या द्रव्याने फोड येतात. अशी शंका असेल तर ती टिकलीची पाकिटे, तो हार, ती मेंदीची पुडी तपासणीला सोबत न्यावी, कारण पाठीवर पट्ट्या चिकटवून केल्या जाणाऱ्या अॅलर्जी-चाचणीत संशयित पदार्थांची निवड त्यावरून होते. मोकळ्या प्लॉटवर आणि रुळांच्या कडेला माजणारे गाजरगवत हेही चेहरा, मान आणि कोपराच्या घडीतील इसबाचे एक प्रसिद्ध कारण आहे.

घरगुती उपायांचा आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. बिब्बा, लसूण, चुना, टूथपेस्ट, लिंबू यांनी कातडी जळते आणि मूळ आजारावर दुसरा आजार चढतो. बिब्ब्याच्या तेलाने तर फोडांची आणि काळ्या डागांची रांगच उठते. नागिणीवर गेरू लावण्याची रीत अजून आहे. नागिणीत पूर्वी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दबा धरून राहतो आणि पुढे कधी तरी त्या मज्जातंतूच्या पट्ट्यात, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, उसळतो. तिने कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. खरा धोका वेळ दवडण्यात आहे, कारण विषाणूरोधक औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि गेरू वाळण्याची वाट पाहण्यात ते तास निघून जातात. डोळ्याजवळची नागीण तर त्याच दिवशी दाखवावी. काही लक्षणांत भेटीची वेळ घेत बसूच नये: औषध घेतल्यानंतर तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड येऊन कातडी सोलली जाऊ लागणे, पित्तासोबत ओठ सुजून श्वास अडकणे, ताप येऊन पाय झपाट्याने लाल आणि दुखरा होणे. येथे थेट अपघात विभाग गाठावा.

संकोच हा या साऱ्या प्रकरणातला मोठा अडथळा आहे. भारतात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे एकाच विशेषज्ञाचे क्षेत्र आहे, त्यामुळे जांघेतला चट्टा किंवा गुप्तांगावरची जखम त्याच्यासाठी रोजची बाब असते. स्त्री रुग्णाला तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरची बाई सोबत ठेवण्याचा, आणि कोणत्याही रुग्णाला स्वतःचे फोटो काढू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क आहे. हातावरचा एकच चट्टा दाखवून कमरेवरचे पाच झाकले, तर उपचार अपुरा पडतो.

कुष्ठरोगाच्या भीतीने तर अनेक जण फिकट डाग वर्षानुवर्षे बाहीखाली लपवतात. त्याची प्राथमिक तपासणी अत्यंत साधी आहे: रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या पिळलेल्या टोकाने डागावर आणि निरोगी कातडीवर आळीपाळीने स्पर्श करतात, आणि स्पर्श जाणवेल तेथे त्याने बोट ठेवायचे असते; डागावर बोट जात नसेल, तर कुष्ठरोगाचा संशय बळावतो. वडाळ्याचे अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये सुरू झाले तेव्हा या रुग्णांना वेगळे ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, आणि आज सरकारी केंद्रांत तो मोफत मिळून डागांच्या संख्येनुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. कल्याणच्या पत्रीपुलाजवळील कुष्ठवसाहतीत राहून गेलेल्या पिढ्यांना ही संधी वेळेवर मिळाली नाही. त्या वसाहतीसाठी झटणारे डोंबिवलीचे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. लवकर उपचार घेतला तर हातापायांची विकृती बहुधा टळते, म्हणून बधिर डाग घेऊन लगेच जाणे हिताचे.

खाजगी दवाखाना निवडताना ‘स्किन क्लिनिक’ या पाटीवर विसंबू नये. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर, आणि त्याचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात तसेच चिठ्ठीवर असणे २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. लेझर किंवा केमिकल पील करण्यापूर्वी तो क्रमांक पाहण्यात आणि यंत्र कोण चालवणार हे विचारण्यात काहीही गैर नाही. गर्भवती असलेल्या किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीने ही गोष्ट आपण होऊन सांगावी, कारण मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनोइन हे औषध गर्भाला गंभीर इजा करते.

निघण्यापूर्वी मलम किती, दिवसातून किती वेळा आणि किती आठवडे लावायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. गजकर्णात खाज थांबल्यानंतरही कातडीत बुरशी उरलेली असते, त्यामुळे चट्टा गेला असे वाटले तरी केसपेपरवर लिहिलेल्या पुढच्या तारखेला, उरलेल्या औषधासह, पुन्हा दाखवायला जावे.